युपीआयला एक कुलूप हवं आहे, ज्याची किल्ली तीन दिवसांनी मिळेल

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
मा. व्यवस्थापकीय संचालक, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, मुंबई

स. न. वि. वि.

या पत्रात माझी मागणी एकच आहे. आपल्या खात्यातून बाहेर जाणाऱ्या पैशाला ज्याला स्वतःहून आवर घालायचा आहे, त्याला युपीआयवर तशी सोय द्या. ती लावायची म्हटली की तत्काळ लागावी आणि काढायची म्हटली की बहात्तर तास थांबावं लागावं. ही मागणी का करते आहे, ते सांगायला थोडी जागा लागेल.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. कर्ज मागायला आलेल्या माणसाचा सहा महिन्यांचा खातेउतारा वाचणं हे माझं रोजचं काम. पूर्वी उताऱ्यात पगार, हप्ता, किराणा, शाळेची फी, गावाकडे पाठवलेले पैसे असं दिसायचं. अलीकडे काही उतारे पहिल्या पानावरच ओळखू येतात. रात्री साडेबारा ते तीनच्या दरम्यान पाचशे, पाचशे, हजार, दोन हजार, पाच हजार. दोन रकमांमध्ये चार-पाच मिनिटांचं अंतर. पैसे घेणाऱ्याचं नाव दर वेळी वेगळं, कधी कुठलं तरी ट्रेडर्स, कधी कुठलं एंटरप्रायझेस, कधी परराज्यातल्या एखाद्या अनोळखी माणसाचं. पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिल्लक दोन आकडी. मग हातउसने आलेले पैसे, मग मोबाइलवरच्या कर्ज अ‍ॅपचे, आणि शेवटी आमच्याकडे सोनंतारणाचा अर्ज. दागिने बहुतेक वेळा आईचे किंवा बायकोचे असतात.

विचारलं तर आधी सगळेच नाही म्हणतात. दार लोटून घेतलं, पाणी दिलं आणि थोडा वेळ गप्प बसलं की सांगतात. ‘मॅडम, विमानाचा गेम आहे.’

आपल्या कार्यालयात हा खेळ कुणी खेळून पाहिला असेल की नाही, कल्पना नाही, म्हणून थोडक्यात सांगते. पडद्यावर एक छोटं विमान उडतं. त्याच्यासोबत एक आकडा १.०० पासून वर चढत जातो. आपण लावलेल्या पैशाला त्या आकड्याने गुणायचं आणि विमान निघून जाण्याआधी ‘कॅशआऊट’चं बटण दाबायचं. दाबलं तर तेवढे पैसे मिळतात. विमान आधीच गेलं तर लावलेले सगळे बुडतात. २०१४ च्या सुमारास हा प्रकार बिटकॉइनवाल्यांच्या जगात सुरू झाला. आपल्याकडे घराघरात पोचलेलं त्याचं रूप म्हणजे ‘एव्हिएटर’ आणि त्याच्या असंख्य नकला. एक फेरी कधी दोन सेकंदांत संपते, कधी अर्धा मिनिट चालते. पुढची लावण्यासाठी काही सेकंद मिळतात आणि विमान पुन्हा उडतं. बाजूला इतर खेळणाऱ्यांची यादी सतत सरकत असते, कुणी किती लावले आणि कुणी किती काढले त्याची.

मूळ खेळ बनवणारी कंपनी स्वतःच सांगते की लावलेल्या शंभर रुपयांपैकी सरासरी सत्त्याण्णव रुपये खेळणाऱ्यांकडे परत जातात. या एका आकड्यातून बाकीचं सगळं गणित निघतं. आकडा दोनच्या पुढे जाण्याची शक्यता सुमारे ४८.५ टक्के. दहाच्या पुढे जाण्याची ९.७ टक्के. शंभराच्या पुढे जाण्याची एक टक्क्याहूनही कमी. दोनला उतरायचं ठरवा नाहीतर दहाला, गुणाकार करून पाहिला तर दोन्हीकडे रुपयाचे सत्त्याण्णव पैसेच हातात येतात. म्हणजे ‘कुठे उतरायचं ते कळलं पाहिजे’ हे जे मुलं एकमेकांना सांगतात, त्याला काही अर्थ नाही. विमान कुठे जाणार हे फेरी सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. पडद्याकडे डोळे फाडून पाहिल्याने काहीही कळत नाही. टेलिग्रामवर ‘प्रेडिक्टर’ आणि ‘सिग्नल’ विकणारे शुद्ध फसवतात. आणि हे सत्त्याण्णव फक्त मूळ खेळाचे झाले. व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘आयडी’ (म्हणजे खेळायचं खातं) घेऊन जी नक्कल खेळली जाते, तिथे तेवढे तरी मिळतात का, हे तपासायला कुणीच नाही.

तीन टक्के म्हणजे फार वाटत नाही. आमच्या कर्जावरचं व्याज याहून जास्त आहे, असं एकाने मला ऐकवलं होतं. आमचं व्याज वर्षाचं असतं आणि हे तीन टक्के पंधरा सेकंदांचे आहेत, एवढाच फरक. एक फेरी सरासरी पंधरा सेकंदांची धरली तर तासाला २४० फेऱ्या होतात. दर फेरीला शंभर रुपये लावणारा माणूस तासाभरात चोवीस हजारांची उलाढाल करतो आणि सरासरी ७२० रुपये गमावतो. खिशात पाच हजारच असतात, तेच पुन्हा पुन्हा फिरत राहतात. आठ तासांच्या पाळीला सहाशे-सातशे रुपये रोज मिळवणारा कंत्राटी कामगार अख्ख्या दिवसाची कमाई झोपण्याआधीच्या तासाभरात घालवतो, आणि तेही त्याचं नशीब सरासरी असेल तर.

त्यातही बहुतेक जण शंभरावर थांबत नाहीत. हरलो की दुप्पट लावायचे, एकदा जिंकलो की सगळं वसूल, ही युक्ती प्रत्येकाला आपण एकट्यानेच शोधून काढल्यासारखी वाटते. शंभरापासून सुरुवात करून दोनच्या आकड्यावर उतरायचं ठरवलं आणि लागोपाठ सहा फेऱ्या हरल्या, तर १००, २००, ४००, ८००, १,६०० आणि ३,२०० असे एकूण ६,३०० रुपये जातात. सातवी फेरी ६,४०० ची. हे सगळं दोन मिनिटांच्या आत. सहा फेऱ्या लागोपाठ कशा हरेन, असं त्यांना वाटतं. तासाभराच्या २४० फेऱ्यांत अशी सहाची रांग एकदा तरी येण्याची शक्यता ती न येण्याच्या कितीतरी पट आहे.

मानसशास्त्रात याची एक बाजू फार पूर्वी दाखवून झाली आहे. एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये लॉटरीच्या तिकिटांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिकीट एक डॉलरचं होतं. काहींना ते हातात दिलं, काहींना स्वतः निवडू दिलं. नंतर ते परत विकत मागितल्यावर ज्यांना दिलं होतं त्यांनी सरासरी १.९६ डॉलर सांगितले, आणि ज्यांनी स्वतः निवडलं होतं त्यांनी ८.६७ डॉलर. जिंकण्याची शक्यता दोघांचीही सारखीच. नुसतं निवडायला मिळालं की माणसाला सूत्रं आपल्या हातात आल्यासारखी वाटतात. विमानाच्या खेळात ही निवड दर पंधरा सेकंदांनी करायला मिळते. हरल्यावरही ‘थोडं आधी दाबायला हवं होतं’ एवढंच मनात उरतं. जुगार हरल्याची जाणीव होत नाही, आपला हात उशिरा पडल्याची होते. आणि हात सुधारता येतो, असं प्रत्येकालाच वाटतं.

महाराष्ट्राला जुगार नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावांवर लागणाऱ्या आकड्यांतून मुंबईत मटका उभा राहिला, कल्याण आणि वरळीच्या नावाने राज्यभर पसरला आणि त्याने गिरणगावातली कितीतरी घरं धुळीला मिळवली. पण मटक्यात ‘ओपन’ आणि ‘क्लोज’, म्हणजे पहिला आकडा आणि शेवटचा आकडा, यांच्यात काही तास असायचे. आकडा लावायला टपरीपर्यंत चालत जावं लागायचं, नोट खिशातून काढून हातावर ठेवावी लागायची. तेवढ्या वेळात भूक लागायची, बायको हाक मारायची, झोप यायची, एखादा मित्र हात धरून घरी आणायचा. मी मटक्याचं समर्थन करत नाही. माणूस भानावर येण्याचे हे जे छोटे छोटे थांबे होते, ते सगळे या खेळाने काढून टाकले आहेत, इतकंच माझं म्हणणं आहे. आणि सांगायला वाईट वाटतं, पण ते काढून टाकण्यात आपल्या अभिमानाच्या युपीआयचाही वाटा आहे. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्यावर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीपासून एसटीच्या तिकिटापर्यंत तिने आमचं जगणं सोपं केलं. तोच सोपेपणा रात्री दीड वाजता, हरलेल्या माणसाच्या हातात, वेगळं काम करतो.

कायदा झाला आहे, हे मला माहीत आहे. ऑनलाइन गेमिंगचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. पैशाची वाट करून देणाऱ्या बँकेला आणि पेमेंट कंपनीलाही मनाई. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, आणि हे मला फार योग्य वाटतं. देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ खरोखरच बंद केले. पण विमानाचा खेळ त्यांच्या दुकानात कधी मुख्य नव्हताच. तो परदेशातल्या संकेतस्थळांवर होता आणि आहे. पैसे घेतो तो भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांवर, ज्यांना आपण ‘म्यूल खाती’ म्हणता. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ तयार केलं, त्याचं स्वागत आहे. पण एक खातं बंद होईपर्यंत पुढची चार उघडलेली असतात. म्हणून मी खेळ चालवणाऱ्याला कसं पकडावं, हे सांगायला हे पत्र लिहीत नाही. खेळणाऱ्यापाशी काय आहे, ते सांगायला लिहिते आहे.

त्याच्यापाशी आहे ती ‘जबाबदारीने खेळा’ ही सूचना. जाहिरात मानक परिषदेच्या डिसेंबर २०२० पासूनच्या नियमांनी ती जाहिरातींत आणली. खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. बेकायदा संकेतस्थळंही हे वाक्य हौसेने तळाशी छापतात. मला या वाक्याचा राग येतो. पंधरा सेकंदांची फेरी त्यांनी बनवायची, रात्रभर चालू त्यांनी ठेवायची, हरल्यावर ‘बोनस’चा मेसेज त्यांनी पाठवायचा आणि जबाबदारी तेवढी खेळणाऱ्याची.

बाहेरून वाटतं की या मुलांना संयमच नाही. तसं नसतं. माझ्यासमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी थांबायचं ठरवून बसलेला असतो. आईची शपथ घेतलेली असते. अ‍ॅप काढून टाकलेलं असतं, पण लिंक व्हॉट्सअ‍ॅपवरच असल्यामुळे दोन मिनिटांत परत येतं. चाकणच्या बाजूला कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलाने तर पगार झाला त्या दिवशी सकाळी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन युपीआयची रोजची मर्यादा स्वतःच दोन हजारांवर आणली होती. कुणी सांगितलं नव्हतं, त्याला सुचलं होतं. रात्री एकच्या पुढे ते दोन हजार संपले. त्याच अ‍ॅपमध्ये, त्याच बोटाने त्याने ती मर्यादा परत एक लाखावर नेली. अर्ध्या मिनिटाचं काम. सकाळी खात्यात एकशे बारा रुपये होते. (त्याला विचारूनच लिहिते आहे. इतरांना उपयोग होत असेल तर लिहा, म्हणाला.)

त्या मुलाने सकाळी जो निर्णय घेतला तो शहाण्या माणसाचा होता. रात्रीचा निर्णय त्याच माणसाचा, पण हरलेल्या अवस्थेतला. आपली व्यवस्था दोन्ही निर्णयांना एकच वजन देते, आणि जो नंतर येतो तो जिंकतो. माझी सगळी मागणी एवढ्यावर उभी आहे: सकाळच्या निर्णयाला रात्रीपेक्षा जास्त वजन द्या.

हे आपल्याला अवघड नाही, कारण याचे तुकडे आपण आधीच बनवले आहेत. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला आणि कार्डधारकाला ऑनलाइन वापर, परदेशातला वापर हवा तेव्हा चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय मिळाली. नव्या फोनवर युपीआय सुरू केलं की पहिल्या चोवीस तासांत मोठी रक्कम पाठवता येत नाही. दवाखान्यासाठी आणि शिक्षणसंस्थांसाठी एका व्यवहाराची मर्यादा पाच लाख, म्हणजे पैसे कुठल्या प्रकारच्या ठिकाणी चालले आहेत हेही व्यवस्थेला ओळखता येतं. बंद करण्याची सोय, थांबवून ठेवण्याची सोय, ठिकाण ओळखण्याची सोय, तिन्ही आपल्याकडे आहेत. ब्रिटनमध्ये मॉन्झो आणि स्टारलिंग या बँकांनी २०१८ मध्येच जुगाराचे व्यवहार रोखण्याचं बटण ग्राहकाला दिलं. मॉन्झोमध्ये ते बटण परत उघडायचं तर माणसाशी बोलावं लागतं आणि ४८ तास थांबावं लागतं.

त्यांचं बटण जसंच्या तसं इथे चालणार नाही. तिथे जुगार कायदेशीर आहे आणि दुकानदार स्वतःची ओळख जुगाराच्या सांकेतिक क्रमांकानेच देतो. इथे तो ट्रेडर्स म्हणून येतो नाहीतर एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या खात्यामागे लपून. त्यामुळे आपल्याकडचं कुलूप जुगाराला लावून भागणार नाही, वेळेला आणि रकमेला लावावं लागेल. ग्राहकाने ठरवावं की रात्री अकरा ते सकाळी सहा माझ्याकडून कुणालाही पैसे जाऊ नयेत, फक्त दवाखाना, औषधाचं दुकान, पेट्रोल आणि प्रवास सोडून. त्याने ठरवावं की दिवसाला एवढेच रुपये. त्याने ठरवावं की ज्याला मी आधी कधी पैसे पाठवले नाहीत, अशा नव्या नावाला पाठवायचे तर एक दिवस थांबेन. घट्ट करणं तत्काळ. सैल करणं बहात्तर तासांनी, आणि त्या तासांत मन बदललं तर विनंती मागे घेण्याची सोय. बहात्तरच का? पगार झाल्यावरची पहिली दोन-तीन दिवसांची ओढ सगळ्यात वाईट असते, असं हीच मुलं सांगतात.

आणि हे एका बँकेपुरतं नको. एकेकाची तीन खाती आणि चार अ‍ॅप असतात. इथे बंद केलं की तो तिथून पाठवतो. म्हणून हे पत्र बँकांना न लिहिता नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला लिहिलं आहे. कुलूप मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या सगळ्या खात्यांना एकदम लागलं पाहिजे. त्याच्याबरोबर युपीआयवरची कर्जमर्यादा, क्रेडिट कार्ड आणि बँकेच्या अ‍ॅपमधली ‘तुमच्यासाठी मंजूर’ झटपट कर्जंही बंद झाली पाहिजेत. पगार संपल्यावर माणूस थांबला असता, पण त्याच क्षणी पडद्यावर पन्नास हजारांची मंजुरी चमकते. मी स्वतः कर्ज विभागात आहे, कर्ज वाटण्याचं उद्दिष्ट आम्हालाही असतं. तरीही सांगते, ज्या माणसाने स्वतःला कुलूप लावून घेतलं आहे त्याला कर्ज विकायला जाऊ नये.

एका गोष्टीची मात्र मला भीती आहे आणि ती आपण पहिल्यापासून ध्यानात ठेवावी. ही सोय दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. नवऱ्याने बायकोच्या खात्याला कुलूप घालायचं, सासऱ्याने सुनेच्या, असं आमच्या भागात सहज होईल. किल्ली खातेदाराचीच, लावण्याचा निर्णयही त्याचाच. आणि कुणी ही सोय वापरली आहे, हे कर्ज देणाऱ्याला दिसू नये, त्याच्या पतगुणांकात येऊ नये. नाहीतर भीतीपोटी कुणी ती वापरणारच नाही.

आज, या क्षणी, माझ्या टेबलापाशी येणाऱ्याला मी काय सांगते, तेही लिहिते, म्हणजे आमच्याकडची साधनं किती तोकडी आहेत ते आपल्या लक्षात येईल. पगाराचं खातं युपीआयमधून काढून टाक आणि खर्चापुरतं वेगळं खातं ठेव. पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड बहिणीकडे दे. व्हॉट्सअ‍ॅपवर आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक कर. जिंकलेले पैसे खात्यावर आले म्हणून खूश होऊ नकोस, ते कुठल्या तरी फसवणुकीच्या खात्यातून आलेले असले तर सायबर पोलीस तुझंच खातं गोठवतील. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० ला फोन कर. रात्री झोप येत नसेल, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि घरात एका तरी माणसाला खरा आकडा सांग. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. माझ्यासमोर फोन लावून देते तेव्हा कुठे काही जण बोलतात.

माझी विनंती आहे की आधी एक वर्ष हा प्रयोग करून पहावा. त्याची आखणी करताना पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या शट क्लिनिकमधल्या (मोबाइल-इंटरनेटच्या व्यसनावर उपचार करणाऱ्या) लोकांना सोबत घ्यावं. त्याहीपेक्षा ज्यांनी हा खेळ सोडला आहे किंवा सोडायचा प्रयत्न करत आहेत, अशा दहा-वीस जणांना समोर बसवून विचारावं की तुम्हाला रात्री कुठल्या बटणाने अडवलं असतं. त्यांना पाठवण्याची जबाबदारी मी घेते. आमच्या तालुक्यातूनच मिळतील, मुंबईचा प्रवासखर्चही आम्ही करू.

कळावे,

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या कर्ज विभागातली कर्मचारी